कृतज्ञता आणि मिंधेपणा

गेल्या मार्गशीर्षांत, धानाचे पुंजणे रचून झाले होते आणि चुरणी चालू होती अशा दिवसांत, वैनगंगेच्या कांठच्या एका खेड्यांत जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. तेथील लहानशा मंडळीनें नव्या धानाच्या टोपल्या प्रार्थनामंदिरांत आणून ठेविल्या होत्या, आणि त्या दिवसाचा शास्त्रपाठ अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांतला होता. उपासना आटोपल्यावर तेथील उपदेशकांनीं आम्हांस एकीकडे नेऊन एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर आम्हांस उभ्या उभ्या देतां आलें नाहीं. पुढें विचारांतीं जें सुचलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गोष्ट अशी. त्या मंडळींत एक विधवा बाई आहे. नऊ वर्षांपूर्वीं रोवणीच्या दिवसांत बांधींत काम करीत असतां तिला सर्पदंश झाला. वाटेंतल्या नाल्याला पूर आलेला, रात्र पडलेली, आणि घरांत एक अजाण मुलगा. गांवांतील एका मोठ्या शेतकऱ्यानें आपला ट्रॅक्टर काढिला, पुराच्या पाण्यांतून तिला पलीकडे नेलें, तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि उजाडेपर्यंत तो तेथेंच बसून राहिला. त्या वर्षीं तिच्या घरीं दाणा नव्हता, तेव्हां त्यानें दोन पोतीं धानहि दिलें व तें कधीं परत मागितलें नाहीं. तेव्हांपासून दर पावसाळ्यांत ही बाई आणि तिचा मुलगा पहिल्यानें त्याच्याच बांधींत रोवणीला जातात आणि मजुरी घेत नाहींत. तशी बोली कोणींच केली नव्हती. तो रिवाज पडून गेला. आतां मुलगा बारावीपर्यंत शिकला आहे. तो म्हणाला, पुढल्या वर्षापासून मजुरी मिळेल तरच जाऊं. हें ऐकून शेतकऱ्यानें चारचौघांत म्हटलें कीं, हीं माणसें खाल्ल्या मिठाला जागलीं नाहींत. आई रडते आणि म्हणते, "बापा, माझा जीव त्यानं वाचवला." मुलगा म्हणतो, "जीव देवानं वाचवला. त्यानं ट्रॅक्टर दिला, आणि नऊ रोवण्यांत त्या ट्रॅक्टरचं भाडं फिटलं." उपदेशकांनीं आम्हांस विचारलें, "ह्या दोघांपैकीं शास्त्राप्रमाणें कोण चालतो?"

प्रिय वाचकहो, हा एका घरचा तंटा नाहीं. चांदा जिल्हा मध्यप्रदेशांत होता तेव्हां, १९५१ सालीं, मालगुजारी कायद्यानें संपली; वेठबिगारहि १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. तथापि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मालगुजारांनीं बांधिलेले तलाव अद्याप मामा तलाव म्हणून त्यांच्याच नांवानें ओळखिले जातात, आणि तलावाप्रमाणेंच जुन्या संवयीहि मागें राहिल्या आहेत. कोणी एकदां हात दिला म्हणजे जन्मभर मान खालीं घालावी, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. ज्यांनीं आपल्यास शाळा दिली, औषध दिलें, पुस्तक वाचावयास शिकविलें त्यांच्यापुढेंहि आपण कधीं कधीं असेच उभे राहतों. उलट, ही समजूत टाकून देणारे कित्येक तरुण तिच्याबरोबर उपकाराची आठवणहि टाकून देतात.

आमच्या मराठी भाषेंत ह्या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते जपून वापरले पाहिजेत. कृतज्ञ म्हणजे केलेलें जाणणारा. मिंधा म्हणजे ज्याला उपकार करणाऱ्यापुढें डोळा वर करतां येत नाहीं तो. पहिल्यांत जाणणें आहे, दुसऱ्यांत दबणें आहे. इब्री भाषेंत ह्या सद्गुणास जें नांव आहे त्याचा अर्थहि "चांगलें ओळखणें" एवढाच होतो. ओझ्याचा त्यांत गंध नाहीं. ज्या लोकांनीं हें नांव दिलें त्यांनीं ह्या विषयाचा जितका अभ्यास केला तितका क्वचितच कोणी केला असेल. म्हणून आपल्या प्रश्नाचें उत्तर आपण त्यांच्या घरीं जाऊन शोधूं.

यहूदी हें नांवच उपकारस्तुतीवरून पडलें आहे. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायांत लेआ आपल्या मुलांचीं नांवें ठेविते ती गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. ती नावडती होती. पहिले तीन मुलगे झाले तेव्हां प्रत्येकाच्या नांवांत तिनें आपलें दुःख घातलें कीं, आतां तरी नवरा माझ्यावर प्रीति करील, आतां तरी तो मला चिकटून राहील. चवथ्याच्या वेळीं ती नवऱ्याविषयीं कांहींच बोलली नाहीं. तिनें परमेश्वराचे उपकार मानले व मुलाचें नांव यहूदा ठेविलें. देवाचे उपकार मानणारी पहिली व्यक्ति म्हणून यहूदी शास्त्री लेआचें नांव घेतात. आम्हांस त्या गोष्टींत आणखी एक दिसतें. जोंपर्यंत तिचें सारें चित्त याकोबाच्या मर्जीवर टांगलेलें होतें तोंपर्यंत तिच्या तोंडून स्तुति निघाली नाहीं. मर्जी संभाळणें आणि उपकार मानणें हीं दोन कामें एका वेळीं होत नसावींत.

त्या यहूदाच्या वंशजांचा नित्यक्रम पाहण्यासारखा आहे. दिवसाकाठीं १०० आशीर्वचनें म्हणावीं असा त्यांच्या शास्त्र्यांचा दंडक आहे. झोपेंतून डोळे उघडतांच, अंथरुणावर असतांनाच, जीव परत दिल्याबद्दल उपकार. भाकर मोडण्यापूर्वीं एक, झाडाच्या फळासाठीं दुसरें, जमिनींतून निघालेल्या भाजीसाठीं तिसरें. हंगामाचें पहिलें फळ तोंडांत घालतांना निराळें, नवें वस्त्र अंगावर घेतांना निराळें. मेघगर्जना ऐकली, इंद्रधनुष्य पाहिलें, सुवास आला, तर त्या त्या वेळचें निराळें. शौचाहून आल्यावर सुद्धां, शरीराचीं द्वारें ज्यानें उघडीं व बंद ठेविलीं त्याचें स्मरण करण्यांत येतें. ज्याच्या घरीं हगवणीनें किंवा मुतखड्यानें कोणी तळमळलें असेल तो ह्याला हंसणार नाहीं. आपल्या प्रभूनें भाकर हातीं घेऊन उपकारस्तुति केली ती ह्याच रीतीनें. ती रीति त्यानें आपल्या आईबापांच्या घरीं शिकली होती.

ह्यांत एक गोष्ट विशेष आहे. जेवणापूर्वींचें त्यांचें आशीर्वचन एका वाक्याचें आहे आणि जेवणानंतरचें लांबलचक आहे. आमच्याकडे बहुधा उलट असतें. अनुवादाच्या आठव्या अध्यायांत मोशेनें ह्याचें कारण सांगून ठेविलें आहे: पोट भरलें, घरें बांधलीं, गुरेंढोरें वाढलीं, कीं माणूस म्हणूं लागतो, हें माझ्या हातच्या बळानें मिळालें. भुकेल्याला देवाची आठवण सांगावी लागत नाहीं. आषाढ-श्रावणांत कोठी रिकामी असते तेव्हां प्रार्थनेला माणसें जमतात, आणि पौषांत धान घरांत आल्यावर तींच माणसें बाजाराच्या वाटेवर भेटतात, हा अनुभव कोणत्या उपदेशकास नाहीं?

येथें एक इशारा द्यावासा वाटतो, कारण उत्साहाच्या भरांत आपण ह्या बाबतींत पुष्कळदां चुकतों. वाईट बातमी ऐकल्यावरहि यहूदी मनुष्य देवाचें नांव घेतो; परंतु तेव्हां तो उपकार मानीत नाहीं, देव सत्य न्यायाधीश आहे एवढेंच कबूल करितो. आणि ज्याच्या घरांत प्रेत आहे, अजून मूठमाती दिलेली नाहीं, त्याला त्यांच्या नियमशास्त्रानें सर्व आशीर्वचनांपासून मोकळें केलें आहे. भाकरीवरचें आशीर्वचनहि त्यानें म्हणूं नये. मुलाचें प्रेत अंगणांत असतां बापाला "सर्व गोष्टींबद्दल उपकार मान" असें सांगणारे आमच्यांतले कांहीं जण आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ह्या नियमावर विचार करावा.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. माणसानें माणसावर केलेल्या उपकाराचें काय?

याकोबाचे मुलगे मिसर देशांत कां गेले? दुष्काळ पडला होता आणि तेथें धान्य होतें. फारोनें त्यांस धान्य दिलें, गाड्या पाठविल्या, गोशेन प्रांतांत चांगली जमीन दिली. हा खरा उपकार होता. तो नसता तर इस्राएलाचें घराणें उपाशीं मेलें असतें. पुढें दुसरा फारो झाला, आणि ज्या देशानें त्यांस अन्न दिलें त्याच देशानें त्यांच्या खांद्यावर विटांचीं ओझीं दिलीं. वाचकहो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों, परंतु वैनगंगेकांठचा तो प्रश्न ऐकेपर्यंत आमच्या लक्षांत आलें नव्हतें कीं ती आपल्याच गांवची गोष्ट आहे. आरंभीं धान्य, आणि शेवटीं वेठ.

अशा मिसराशीं इस्राएलानें कसें वागावें? शास्त्रानें दोन आज्ञा दिल्या. एक, तेथून निघून जा. दुसरी अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत आहे: मिसऱ्याचा तिरस्कार करूं नको, कारण तूं त्याच्या देशांत परका होतास. ज्यानें तुमचीं मुलें नदींत टाकविलीं त्याच्या देशाविषयीं ही आज्ञा आहे! पहिलें धान्य विसरूं नये; परंतु पहिल्या धान्याच्या मोबदल्यांत विटा थापीत बसूंहि नये. ह्या दोन आज्ञा एकाच देवाच्या आहेत, आणि एकीसाठीं दुसरी मोडावी लागत नाहीं.

जुन्या यहूदी शास्त्र्यांनीं ह्यावर एक सुंदर टीका केली आहे. नील नदीचें रक्त झालें तेव्हां काठी मोशेनें न मारतां अहरोनानें मारिली. असें कां? ते म्हणतात, मोशे तान्हा असतां त्या नदीनें त्याची पेटी उराशीं धरून त्याला वांचविलें होतें. त्या पाण्यावर त्याच्या हातानें प्रहार होणें शोभलें नसतें. मिसराच्या धुळीच्या उवा झाल्या तेव्हांहि काठी अहरोनाचीच होती, कारण त्या मातीनें मोशेला एकदां आपल्यांत लपवूं दिलें होतें. पाण्याला मन नाहीं, मातीला कान नाहींत. मोशेनें मारिलें असतें तरी नदीला दुःख झालें नसतें. परंतु मोशेचें मन बिघडलें असतें. आपल्या विदर्भांत पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. त्या सणांतल्या पूजेला आम्ही ख्रिस्ती लोक जात नसलों तरी ज्या भावनेनें कुणबी त्या दिवशीं बैलाचे खांदे तुपानें चोळितो ती भावना मोशेच्या जवळची आहे. लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं, नदीवर प्रहार करावयाचें राहिलें नाहीं. काठी पडली; ती दुसऱ्याच्या हातानें पडली, एवढेंच. न्यायाचें काम उपकारासाठीं थांबलें नाहीं.

हें सारें दूरच्या देशांतलें व जुन्या काळचें असें कोणी म्हणेल. परंतु मराठी बोलणारे यहूदी आपल्याच महाराष्ट्रांत कित्येक शतकें राहत आले आहेत. चंद्रपूरहून कोंकण लांब आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच समुद्र पाहिला असेल. तरी ह्या लोकांची ओळख करून घेण्यासारखी आहे. ते स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, म्हणवितात. त्यांची परंपरा सांगते कीं, अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं त्यांच्या पूर्वजांचें जहाज फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांचीं प्रेतें नवगांवीं पुरिलीं. पुस्तकें गेलीं, इब्री भाषाहि हळूहळू गेली. ते घाण्यावर तेल गाळून पोट भरीत आणि शब्बाथ पाळीत, म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. गांवोगांव राहून ते पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. हिंदु शेजाऱ्यांनीं व मुसलमान शेजाऱ्यांनीं त्यांस आपल्या धर्माप्रमाणें राहूं दिलें, ही गोष्ट ते आजहि आवर्जून सांगतात.

ह्या लोकांची मलिदा नांवाची एक रीति आहे. मलिदा हा शब्द आपण दर्ग्याच्या संबंधानें ऐकतों. त्यांनीं तो शेजाऱ्यांकडूनच घेतला असावा. परंतु त्यांचा मलिदा भिजविलेल्या पोह्यांचा असतो. त्यांत गूळ किंवा साखर, ओलें खोबरें आणि वेलची घालितात, आणि ताटांत भोंवतीं फळें मांडितात. आजारी मनुष्य उठला, प्रवासाहून कोणी सुखरूप आलें, मूल झालें, लग्न ठरलें, नवें घर झालें, कीं शेजारीपाजारी व आप्त यांस बोलावून हें ताट मध्यें ठेवावयाचें, एलीया संदेष्ट्याचें स्मरण करावयाचें, प्रत्येक पदार्थावर त्याचें त्याचें आशीर्वचन म्हणावयाचें, आणि मग सर्वांनीं मिळून खावयाचें. अलिबागेजवळ खंडाळें येथील एका खडकावर एलीयाच्या रथाच्या खुणा आहेत असें ते मानतात व तेथें जाऊनहि मलिदा करितात. त्या खुणांविषयीं आम्ही कांहीं म्हणत नाहीं. पोह्यांविषयीं मात्र म्हणावयाचें आहे. पोहे ही गरिबाच्या घरची वस्तु आहे. आमच्या धानाच्या मुलखांत तर ते कोणासहि महाग नाहींत. म्हणजे जो उपकार मानूं इच्छितो त्याला कर्ज काढावें लागत नाहीं, बकरा कापावा लागत नाहीं. मात्र एकट्यानें तो मलिदा होत नाहीं.

ह्याचें मूळ लेवीयाच्या सातव्या अध्यायांत आहे. उपकारस्तुतीच्या यज्ञाचें मांस त्याच दिवशीं खाऊन संपवावयाचें, सकाळपर्यंत कांहीं ठेवावयाचें नाहीं, असा तेथें नियम आहे. त्याबरोबर ज्या भाकरी आणावयाच्या त्यांची संख्या पुढील शास्त्र्यांनीं ४० सांगितली आहे. त्यांतल्या ४ याजकाच्या, बाकी ३६ आणणाऱ्याच्या. एका घरानें एका दिवसांत ३६ भाकरी आणि पशूचें मांस खावें कसें? हा नियम मुद्दाम असा केला, असें त्यांतले कित्येक पंडित म्हणतात: मनुष्यानें लोकांस बोलावावें, आणि लोकांनीं विचारावें कीं हें कशाबद्दल, आणि त्यानें सांगावें. टोपलीच्या विधींतहि तेंच आहे. नव्या पिकाची टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्यानें नुसतें उपकार म्हणून चालत नसे. आपला पूर्वज भटका होता, आपण मिसरांत दास होतों, ही कथा त्याला सर्वांसमक्ष उच्चारावी लागे, आणि मग लेवी व परदेशीय यांच्याबरोबर जेवावें लागे. आपल्यांतल्या कित्येकांस आपल्या आजोबांची स्थिति सांगावयास लाज वाटते. टोपली हातांत धरणाऱ्या त्या शेतकऱ्याला ती लाज नव्हती.

यहूदी शास्त्र्यांच्या मतें चौघांनीं उभें राहून जाहीर रीतीनें उपकार मानले पाहिजेत: समुद्र ओलांडून आलेल्यानें, रानांतून वाट काढून आलेल्यानें, दुखण्यांतून उठलेल्यानें, आणि बंदींतून सुटलेल्यानें. हे चौघे एकशें सातव्या स्तोत्रांतले आहेत. निदान दहा पुरुष समोर पाहिजेत, आणि ऐकणाऱ्यांनीं उलट त्याचें कल्याण चिंतिलें पाहिजे. ह्या चौघांतला शेवटला मनुष्य बेने इस्राएलांच्या इतिहासांत ठळक आहे. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या सैन्यांत अंमलदार होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धांत, जें १७८० पासून १७८४ पर्यंत चाललें, ते आपल्या भावासह टिपू सुलतानाच्या हातीं सांपडले. टिपूच्या आईनें, कुराणांत इस्राएलाच्या संतानाचें नांव ऐकलें असल्यामुळें, रदबदली करून त्यांचा जीव वांचविला, अशी हकीकत त्या समाजांत सांगतात. सुटून आलों तर देवासाठीं घर बांधीन, असा त्यांचा नवस होता. १७९६ सालीं मुंबईंत त्यांनीं तें बांधिलें. बेने इस्राएलांचें तें पहिलें सभास्थान. त्याच्या इब्री नांवाचा अर्थ दयेचें द्वार असा आहे. नियमशास्त्राच्या गुंडाळ्या मिळविण्यासाठीं ते पुढें कोचीनला गेले आणि तेथेंच १७९७ सालीं वारले.

नवसाविषयीं आमच्या मनांत नेहमीं संशय असतो. पुष्कळ नवस म्हणजे देवाशीं केलेला सौदा होय. परंतु दिवेकरांनीं जें बांधिलें त्यांत ते स्वतः फार दिवस बसलेहि नाहींत. तें इतरांच्या उपयोगी पडलें. सौदा करणारा मनुष्य असें करीत नाहीं.

आतां एक गोष्ट आमच्याच घरची, आणि ती आम्हांस थोडी कडू लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशननें मुंबईकडे शाळा काढिल्या, त्यांत बेने इस्राएल मुलें शिकलीं आणि कित्येक बेने इस्राएल शिक्षकहि झाले. स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून इब्री व्याकरण छापिलें. गेलेली भाषा व मराठींत जुना करार त्या लोकांस पुष्कळ अंशीं मिशनरींच्या हातून परत मिळाला. मिशनची अपेक्षा होती कीं हे लोक ख्रिस्ती होतील. फारच थोडे झाले. पुस्तक हातीं आल्यावर ते आपल्या पूर्वजांच्या धर्मांत अधिक पक्के झाले, आणि १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत आपल्या समाजाची स्वतंत्र शाळा काढिली. केहिमकरांनीं आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ सालीं छापला गेला. त्यांत मिशनरींच्या शिकवणुकीचा उल्लेख आदरानें आहे. म्हणजे घेतलेलें कबूल केलें, आणि जें द्यावयाचें नव्हतें तें दिलें नाहीं. तेव्हांच्या कित्येकांस ही कृतघ्नता वाटली असेल. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. ज्यानें शिकविलें त्याला जर शिष्याचें मन विकत हवें असेल तर त्यानें शिकविलें नाहीं, व्यापार केला.

हेच लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्राएल देशास गेले; आज महाराष्ट्रांत त्यांचीं थोडींच घरें उरलीं आहेत, आणि २०१६ सालीं आमच्या राज्यानें त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ज्या भूमीसाठीं त्यांनीं पिढ्यान् पिढ्या प्रार्थना केली तेथें पोंचल्यावर तेथील कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहूदीपणाविषयीं शंका काढून त्यांच्या विवाहांना अडथळे आणिले. ते स्वस्थ बसले नाहींत. भूमि मिळाली, आतां तोंड कशाला उघडावें, असें ते म्हणाले नाहींत. त्यांनीं सत्याग्रह केला, आणि १९६४ सालीं ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहूदी आहेत असें तेथील सरकारनें जाहीर केलें. त्या दिवसांतहि सकाळीं उठून ते तींच आशीर्वचनें म्हणत असतील, ह्यांत आम्हांस शंका नाहीं.

इतका विचार झाल्यावर आम्हीं त्या उपदेशकांस पत्र लिहिलें. आम्हीं कळविलें कीं, आई आणि मुलगा दोघेहि अर्धें अर्धें खरें बोलतात. मुलगा म्हणतो कीं भाडें फिटलें. तें त्यानें मागें घ्यावें, कारण पुराच्या रात्रीं उजाडेपर्यंत दवाखान्याच्या ओसरीवर बसून राहण्याचें भाडें कोणत्याहि बाजारांत ठरलेलें नाहीं, आणि जें विकलेलें नव्हतें तें फिटतहि नाहीं. आई म्हणते कीं जीव त्यानें वांचविला; तिनें आपल्या जिवाचे उपकार कोणाचे मानावयाचे हें नीट पाहावें, आणि तिच्या देवाला जें द्यावयाचें तें त्या शेतकऱ्याच्या बांधींत टाकूं नये. दुखण्यांतून उठलेल्या मनुष्यानें मंडळीपुढें उभें राहून जें बोलावयाचें तें ती नऊ वर्षांत एकदांहि बोलली नाहीं, ही चूक तिची एकटीची नसून आमच्या मंडळ्यांची आहे. दोघांनीं नव्या धानाचे पोहे करून त्या शेतकऱ्याच्या घरीं जावें, चार माणसें बोलवावीं, आणि त्या रात्रीं काय झालें तें मुलानें आपल्या तोंडानें सांगावें. आणि दुसऱ्या दिवशीं, त्या दिवशीं नव्हे, मजुरीचें बोलणें करावें.

ही शेवटली गोष्ट कोणी मानील असें आम्हांस वाटत नव्हतें. पौषाच्या अखेरीस उपदेशकांचें उत्तर आलें कीं ते गेले होते. शेतकरी प्रथम घरांतून बाहेरच येईना. मुलानें अंगणांतच सांगावयास आरंभ केला. नाल्याचें पाणी चाकाच्या वर आलें होतें इथपर्यंत तो आला तेव्हां शेतकरी बाहेर येऊन म्हणाला, "चाकाच्या वर नव्हतं, चाकाएवढं होतं," आणि खालीं बसला. पोहे सर्वांनीं खाल्ले. मजुरीविषयीं दुसऱ्या दिवशीं बोलणें झालें तें गोड झालें नाहीं, असेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें होतें.

आषाढांत त्यांचें दुसरें पत्र आलें. शेतकऱ्यानें निरोप पाठवून विचारलें कीं रोवणीला किती माणसें येतील आणि काय भाव घेतील. मुलानें गांवांत चालू असलेला भाव सांगितला. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं सर्वांना मजुरी वांटण्यांत आली, तेव्हां त्या बाईनें आपली घेतली नाहीं. आजचा दिवस माझा आहे, म्हणाली, उद्यांपासून घेईन. मुलगा जवळच उभा होता. तो तिला कांहीं बोलला नाहीं.